पाणपिये

आमचं आडनाव वोदोपिवेत्स, म्हणजे पाणी पिणारे.
वाइनच्या मुलखात हे कुणीतरी चिडवायलाच ठेवलं असणार.
मी थडग्यांवरची अक्षरं कोरते. बाप कोरायचा, त्याचा बापही.
त्यामुळे घराण्यातली प्रत्येक चूक
मला दगडात वाचता येते.

पणजोबांच्या दगडावर नाव जसंच्या तसं.
त्यांचा युरोप म्हणजे व्हिएन्नाहून येणारी गाडी,
स्टेशनमास्तरच्या टोपीवरचा दोन डोक्यांचा गरुड
आणि पाद्र्याच्या प्रवचनातला तुर्क,
जो येणार, येणार म्हणता
त्यांच्या हयातीत काही आला नाही.

आजोबांच्या दगडावर बेव्हिलाक्वा.
एका सकाळी नगरपालिकेतून कागद आला :
आजपासून तुम्ही इटालियन भाषेत पाणी पिता.
आजोबांनी म्हणे एवढंच विचारलं,
विहीर तीच ठेवणार का?

सत्तेचाळीस साली
चुन्याची बादली घेऊन शिपाई आले.
रेघ द्राक्षमळ्यातून गेली, मारिंकाच्या गोठ्यातून,
आणि थेट दफनभूमीतून.
पणजीचं डोकं इटलीत राहिलं,
पाय युगोस्लाव्हियात.
आजी तारेच्या अलीकडून फुलं फेकायची.
वारा असला की ती पडायची शेजारच्या अंतोनवर,
ज्याच्याशी पणजीचं जन्मभर पटलं नव्हतं.

बाबा म्हणायचे, "जरा युरोपात जाऊन येतो,"
आणि सायकल काढायचे.
संध्याकाळी कॉफीचा पुडा घेऊन यायचे,
आणि अंगात एकावर एक तीन जीन्स,
ऐन जुलैत, घामाघूम.
युरोप आमच्या दारापासून सातशे पावलांवर होता.
मी मोजली होती.
मग आपण कुठे राहतो, असं विचारलं
तर बाबांनी पँट सोलता सोलता
आईकडे बघितलं.

मग तो मे महिना. बँड, दिवे, चौकातलं कुंपण उखडलेलं.
मी नाचले. खोटं कशाला बोलू, खूप नाचले.
मंचावरून कुणी पुढारी म्हणाला,
तुम्ही आज घरी परत आलात.
आई पुटपुटली, मी गेले कधी होते?
लोक बारा गावचं पाणी प्यायलेले असतात,
आम्ही एकाच विहिरीवर बसून
चार-पाच राज्यांचं प्यालो.

साथीच्या वर्षी कुंपण परत आलं, तात्पुरतं.
तेही गेलं. आता रात्री
जंगलात नुसत्या बॅटऱ्या फिरतात.

मागच्या मार्चात सोचा नदीने एक मुलगा काठाला लावला.
बर्फ वितळल्याचं पाणी, हिरवं, कापणारं.
खिशात पिशवीत गुंडाळलेला फोन.
पुरायचं कुठे म्हणून सभा भरली.
रेघ होती तिथली पट्टी अजून मोकळी आहे,
तिथे कुणाचेच पूर्वज नाहीत.
अंतोनचा पणतू म्हणाला, तो आपल्यातला नाही.
'आपल्यातला' हा शब्द तो ज्या भाषेत बोलला,
ती बोलल्याबद्दल त्याच्या आजोबाला
भर रस्त्यात एरंडेल पाजलं होतं.
मी काही बोलले नाही.
फावडं आणायला उठले.

नाव नव्हतं. नुसता नंबर होता.
कोऱ्या दगडासमोर बसले तेव्हा
मनात आमचंच आडनाव आलं,
आणि माझी मलाच लाज वाटली.

मग हॅनोव्हरहून त्याच्या भावाचा फोन आला.
बर्यालय, तो म्हणाला. परत एकदा, सावकाश : बर्यालय.
कागदावर लिहून फोटो पाठवला,
उजवीकडून डावीकडे.

माझी छिन्नी चाळीस वर्षं उलट दिशेने चालत आलीय,
मनगट ऐकत नाही.
टाकाऊ दगडावर सराव करते.
टिंबं अक्षरांच्या खाली येतात,
आणि नेमकी तिथेच कपची उडते.
आज दुसरा दगड गेला.
धार बोथटलीय. आधी भट्टी पेटवून
छिन्नीला पाणी द्यायला हवं.