शेवटच्या फेरीतला तारी

शेवटच्या फेरीला सभागृहात
खुर्च्या उरल्या होत्या, माणसं उठून गेली होती.
चढाईपटूंवर सगळ्यांचे पैसे संपलेले.
निवेदकाने इंग्रजी स्पेलिंग चाचपत वाचलं,
'गौरेश तरी.'
कुणीतरी हसलं.
मी पाटी वर केली. मूळ किंमत.
दुसरी पाटी उठली नाही.
हातोडा पडला
रिकामा पेला टेबलावर ठेवावा तसा.

मालक म्हणाले, 'हा कशाला?
सोमवारपर्यंत लिहून द्या.'

तर लिहितो.
उंची पाच फूट साडेनऊ.
वजन मर्यादेच्या काठावर,
गणपतीनंतर काठाच्या पलीकडे.
पहिलं पाऊल उशिरा पडतं.
डाव्या गुडघ्यावर सात टाके;
विचारलं तर म्हणाला, 'होडी लागली.'
जागा : राईट इन.
अख्ख्या हंगामात पकडीचे गुण अकरा.
शेजारच्या कोपऱ्यातला राजस मिठबांवकर, एकसष्ट.
त्याला पहिल्याच फेरीत उचलला.
आकडा ऐकून माझ्या बाजूचा माणूस
माझं पाणी प्यायला.

मी तो हंगाम आवाज बंद करून परत पाहिला.
मिठबांवकर घोट्यावर झेपावतो
नेहमी अर्धा श्वास आधी.
चढाईपटू सुटलेलाच असतो,
दर वेळी,
आणि दर वेळी एक रुंद पाठ मध्ये येते,
वारा सुटल्यावर दार लोटून घ्यावं तशी.
कॅमेरा घोट्यावर.
टाळ्या मांडीवर थाप मारणाऱ्याला.
तोवर तारी उठून
मिठबांवकरच्या पाठीवरची माती झटकतो.

जानेवारीत तीन सामने तारी नव्हता.
बहिणीचं लग्न,
मंडपाच्या खांबांसाठी खड्डे खणत होता.
त्या तीन सामन्यांत मिठबांवकरचे गुण : दोन.
हे कुठल्याच तक्त्यात नाही.
जे होऊ दिलं नाही
त्याचा रकाना कोण आखणार?

तोंडवळीला गेलो तेव्हा रापण चालू होती.
दोन दोर, दोन्हींना पंधरा-पंधरा माणसं,
हा दोराच्या अगदी शेपटाला.
फारसा ओढत नव्हता, खरं सांगतो.
टाच वाळूत रोवून उभा.
लाट मागे फिरते
तेव्हा जाळं घटकाभर समुद्राचं होतं,
तेवढ्यात काय ते करत होता.
बाबल तांडेल विडी विझवत म्हणाला,
'ओढणारे रगड गावतत.
लाटेक सोडूचा नाय, ता हेका कळता.'
पेडवे आले, थोडे बांगडे.
वाटे सगळ्यांना सारखे.
आपला वाटा प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन
तारीने मला एकच प्रश्न विचारला,
शिबिरात मासे असतात का.

मी नऊ वर्षं कोपऱ्यात खेळलो.
घरात एकोणीस चषक, तीन गंजलेले.
माझ्या शेजारी कोण असायचं?
ते नाव आठवायला रात्र गेली.
मेस्त्री. कुडाळकडचा. दत्ताराम, बहुतेक.
हात मात्र लगेच आठवला,
अंगठ्याच्या बुडाशी रंध्याचा घट्टा,
घामातही न निसटणारा.

धोके लपवत नाही.
असे दहा घेतले तर सात
शिबिरानंतर घरी जातात.
हाही जाईल कदाचित.
गुडघा पावसाळ्यात बोलतो, असं आईने सांगितलं,
त्याने नाही.

शेऱ्याच्या रकान्यात साठच अक्षरं मावतात.
'उपयुक्त' लिहिलं, खोडलं.
'कष्टाळू' तर बैलालाही लिहितात.
शेवटी रकाना सोडून
कागदाच्या पाठीवर लिहिलं :

मिठबांवकर परवा त्या संघाकडून उतरेल.
लवकरच झेपावेल, सवय आहे.
त्याच्या शेजारी आता कोण
एवढं बघत राहा.

आणि नावात काना आहे.
तारी.
पुढच्या वेळी नीट वाचा.