रीत

उद्यमनगरात, मगदूमकाकांच्या फौंड्रीच्या माडीवर
माझा कॉम्प्युटर रात्रभर बुद्धिबळ खेळतो, स्वतःशीच.
खाली भट्टी निवत असते.

शाळेत शिंत्रेबाई म्हणायच्या, उत्तर बरोबर आलं तरी
रीत दाखवली नाही तर अर्धेच मार्क.
काल सगळा प्रोग्राम छापून काढला
आणि लाल पेन घेऊन बसले:
यातला अल्गोरिदम कुठला?

प्रत्येक खेळीला एक फांदी,
त्या फांदीला समोरच्याच्या फांद्या, सहा थर खोल.
ही रीत. खूण केली.
एका उत्तरानं डाव फसला की
बाकीची उत्तरं बघायचीच नाहीत, तिथंच छाटायचं;
निकाल तरी तोच येतो, सिद्ध करता येतं.
ही पण रीत.

मग आलं: प्यादं शंभर. उंट तीनशे तीस.
घोडा तीनशे वीस.
हे कुठनं आणलं मी?
दिवाळीपर्यंत तीनशे दहा होतं,
वीस केल्यावर चार डाव जास्त जिंकला, एवढंच.
पेन तसंच हातात.

दुपारी काका ओली वाळू मुठीत दाबत होते.
मूठ उघडून गोळा मोडला. कडा शाबूत.
"पाणी बास," म्हणाले.
किती टक्के, विचारलं तर हसले.
"टक्के लॅबमधी. हितं हात."
ठोकताळा.
पंपाची केसिंगं निघतात त्यावर, ओळीनं,
एखाद्याला भेग जाते.

रात्री हट्टानं सगळे आकडे शून्य केले.
बघू दे, निव्वळ रीत कशी खेळते.
तिनं एक फांदी चुकवली नाही.
लाखो पट धुंडाळले
आणि हत्ती एक घर डावीकडं सरकवला.
मग उजवीकडं.
मग परत डावीकडं.
समोरचा वजीर फुकट पडला होता, घेतला नाही.
का घ्यावा?
मात तेवढी कळत होती तिला,
तीही सहा थरांच्या आत आली तर.

सकाळी काकांनी चहाचा ग्लास कीबोर्डशेजारी टेकवला,
पडद्याकडं बघत राहिले बराच वेळ.
"चुकत काय न्हाई ह्यो," म्हणाले,
"पर ह्याला पायजे काय?"

घोडा परत लिहिला. तीनशे वीस.
ओळीपुढं कारण लिहायला जागा असते.
तिथं "अंदाज" लिहिलं, खोडलं,
"हात" लिहिलं, तेही खोडलं.
खाली ओतकाम सुरू झालं होतं,
धूर यायला लागला
म्हणून उठून खिडकी लावली.