एकेचाळिसावा घाणा

ससून डॉकच्या मागच्या गल्लीत
पहाटे चारला मी डोकी विकत घेतो, कोलंबीची.
नुसती डोकी. धड परदेशी जातं
बर्फात झोपून, सहीशिक्क्यासकट.
चांगुणा भांजी पाटी पुढं सरकवते,
"काय रं मास्तर, आज पन मुंडकीच?"
आणि वजनावर एक मूठ जास्त टाकते,
कारण या मालाला आजवर गिऱ्हाईक नव्हतं
नि तिच्या मते मी थोडा सरकलेला आहे.

ट्रॉम्बेला, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत
माझा कारखाना:
एक चक्की, उन्हात तापणारा पत्रा,
आणि आईचा पितळी सोऱ्या,
जो तिनं दिवाळीला मागितला तेव्हा
मी म्हणालो, शोधतोय.
शेंगदाण्याची पेंड, तांदळाचा कोंडा,
डोक्यांची पूड, टॅपिओकाची खळ.
मळायचं, वाफवायचं, दाबायचं.
पत्र्यावर चकलीचा चुरा वाळत पडतो
आणि समोरच्या इमारतीतल्या खिडक्या
एकेक करून बंद होतात.

मग परीक्षा.
काचेचा ग्लास, पाणी, भिंतीवरचं घड्याळ.
गोळी सोडायची आणि बघत बसायचं.
पहिला घाणा दीड मिनिटात ढग झाला.
गोळी विरली की पाणी जेवतं,
मासा उपाशी,
पैसे तळाशी गाळ होऊन बसतात.
एवढंच अर्थशास्त्र मला येतं.

अकराव्याला बुरशी.
एकोणिसावा दगड:
चिलापीनं तोंडात घेतला,
थुंकला,
आणि माझ्याकडं असं पाहिलं
जसा मेसचा जुना मेंबर
शनिवारच्या आमटीकडं.

महिन्यातून एकदा विक्रमगडहून लडक्या दुमाडा येतो,
पिशवीत बाटलीभर तळ्याचं पाणी घेऊन.
"कंपनीचं पोतं घेतलं तं मासा मलाच महाग.
नाय घेतलं तं बोटाएवढाच रेतो."
गोळी हातावर घेतो, हुंगतो,
आणि मी नको म्हणायच्या आत
दाताखाली फोडतो.
"मीठ जास्त हाय."

तीन महिने मी प्रथिनं मोजत होतो.
मीठ कुणी मोजलंच नव्हतं.

प्रथिनंही पुरेनात.
एक दलाल म्हणाला, जवळा घ्या ना,
सुका, टनानं, दळायचा नि मोकळं व्हायचं.
दोन पोती आणली.
चांगुणाला कळलं. ती बराच वेळ
बोंबलाच्या वाट्यांवरच्या माश्या हाकत राहिली.
मग म्हणाली,
"ज्याला पापलेट परवडत नाय
तो जवल्यावर भाकर खातो.
त्याच्या ताटातला काढून तू माशाला घालणार,
नि मासा मोठा झाला का त्यालाच इकणार.
कितीला?"

हिशेब मला येतो. तरी आकडा सांगता आला नाही.
दोन्ही पोती तिच्या पाटीशेजारी ठेवून आलो.
तिनं ती वाट्यावाट्यानं विकली,
पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले,
वर मूठभर डोकी.

आता डोकी तीनदा धुतो.
जवळ्याच्या जागी भाजी मंडईच्या सडक्या पाल्यावर
पोसलेल्या अळ्या, वाळवून.
(आईला हे सांगितलेलं नाही.
सोऱ्या परत मागायचं तिनं आपणहून सोडलंय.)

एकेचाळिसावा घाणा पाण्यात बावीस मिनिटं उभा राहिला.
किलोला सदतीस रुपये पडला.
लडक्याला परवडतात तेहतीस.
चार रुपये कुठून काढू
हे मला आज तरी ठाऊक नाही.
कोंडा, पेंड, वीज, टेम्पो,
प्रत्येकाकडं मी रोज आशेनं बघतो
आणि प्रत्येक जण मान फिरवतो.

काल रात्री त्याचा फोन आला,
मागं बेडकांचा गलका.
"खातात," म्हणाला.
मी गप्प. पुढचं ऐकायचं होतं.
"कोंबड्यापन खातात.
पोतं वर आढ्याला टांगलंय."