जिन्याखाली, गच्चीवर

सेलूच्या शाळेतली सर्व्हर-रूम म्हणजे
जिन्याखालची खिचडीच्या तांदळाची खोली.
तांदूळ गेले, उंदीर राहिले.
आज चौथ्यांदा केबल कुरतडली.
"नेट कुठं गेलं हो?" सोळंके सर विचारतात,
जसं मीच धाडलंय त्याला बाजाराला.
पासवर्ड त्यांनी फळ्यावरच लिहिलाय,
खाली चौकटीत: पुसू नये.

दिवस कलला की मी गच्चीवर,
हातात सुताराच्या टेपचा अँटेना.
शेजारच्या रुखसानाभाभी ओरडतात,
"मास्टर, पतंग अडकला काय?"
उपग्रह जातो डोक्यावरून, दहा-बारा मिनिटं.
खरखरीतून एकेक ओळ लॅपटॉपवर साचते:
काठ, ढगाची किनार,
मग कोरडी करडी जमीन.
पासवर्ड विचारत नाही तो.

खिशात फोन थरथरतो. प्रिंटर असणार.
थांबा सर,
आत्ता कुठं जायकवाडी उतरतंय.