सिमच्या खाचेतला खवला

हर्णैच्या बंदरावरून वर आलं की
बर्फाच्या कारखान्याला चिकटून माझं दुकान,
सहा फूट बाय सात.
रिचार्ज, कव्हरं, काचा. आणि फळ्यावर खडूने:
'नेट स्लो असेल तर आधी बसा. पाणी प्या.'
निम्म्यांचं तेवढ्यानेच बरं होतं.

चांगुणा चोगले बसली नाही.
पाटी दाराशी टेकवली, कनवटीचा फोन काढला
आणि काउंटरवर असा टाकला
जशी नासकी कोळंबी परत करावी.
"बघ. गोल फिरतो नुसता.
मिरकरवाड्याचा भाव तिथनं सुटतो सकाळी,
माझ्याकडं पोचतो दुपारी.
तवर सुरमई गेलेली असते,
शेठ म्हणेल त्या आकड्यात."

शेठचा फोन मला ठाऊक आहे.
मीच विकलाय. हप्त्याने.

नेहमीचं सुरू केलं.
विमान चालू केलं, दहा मोजले, विमान उतरवलं.
एक दांडी आली. गेली.
आत शिरलो तर जागाच नाही,
सोळा हजार फोटो:
गुलाब, गणपती, वाफाळता चहा, पुन्हा गुलाब,
पाजेतल्या सगळ्या भावकीची सकाळ.
"उडवू?"
"उडव. गुलाब काय पाटीत घालून विकू?"
मग नातवाच्या बारशाचे तीनशे. मी थांबलो.
"एक ठेव. पोर तेच ना तीनशेत?"

मला वाटलं होतं, इथे तरी डोळे पुसेल.
पुसतात लोक या स्टुलावर.
आंजर्ल्याच्या एकाने विकलेल्या म्हशीचा व्हिडिओ
मला हात लावू दिला नव्हता.

जावयाने टाकलेला पत्त्यांचा डाव काढला,
भविष्य सांगणारं काढलं,
बॅटरी वाचवतो सांगत बॅटरी खाणारं काढलं.
फोरजीला दोरी बांधली, मागे घसरू नकोस म्हणून.
एपीएन पुसून नव्याने लिहिला,
त्यात एक टिंब कमी होतं, कुणी खाल्लं कोण जाणे.
तरी गोल फिरतोच.
खाली वाळूत लिलावाचा आवाज चढायला लागला,
आणि बाई माझ्याकडे बघेना, आवाजाकडे बघते.

शेवटी पिन खुपसून सिमचा ट्रे ओढला.
तिथे, सोनेरी चौकोनावर,
एक खवला.
वाळलेला, काचेसारखा, असा नीट बसलेला
की कंपनीनेच घातलाय वाटावं.
ट्यूबखाली धरला, तर आत बारीक रेघा,
एकात एक. त्याही गोल.

चांगुणा वाकली. कारागिरासारखं पाहिलं तिने.
"बोयटाचा हाय," म्हणाली.
"बोयटं लागून दोन म्हयने झाले."
आणि मग, अगदी थंडपणे,
"म्हंजे मेल्यान दोन म्हयने माझा भाव खाल्लान."

पोराच्या कंपासमधलं खोडरबर घेतलं,
सिम घासलं, मिठाचं हिरवट पूट निघालं.
खाचेत फुंकर. ट्रे आत.
क्षणभर काहीच नाही.
मग टिंग. टिंग. टिंगटिंगटिंग,
तीन दिवसांचे तुंबलेले मिरकरवाडे
एकदम काउंटरवर ओतले गेले.
शेवटचा आकडा तिने ओठांनी वाचला,
पाटी उचलली, आणि गेली.
पैशांचं माझ्याही लक्षात आलं नाही, तिच्याही.

दारातून दिसलं ते एवढंच:
शेठने आकडा टाकला.
तिने फोन उंचावला वगैरे नाही,
नुसती पदराने काच पुसली.
शेठने दुसरा आकडा टाकला.

संध्याकाळी तिची सून आली, पिशवीत चार बांगडे
आणि निरोप:
शेठचा फोन दुरुस्तीला आला तर
घाई करू नको म्हणावं.

गुरुवारी आला.
स्टूल पुसलं, पंखा त्यांच्याकडे वळवला.
म्हटलं, बसा शेठ.
पाणी प्या.