नकाराची नोंद

रात्री दीड वाजता, मेडिकल चौकाजवळच्या रक्तपेढीत
सर्व्हर मला ओळखत नाही.
पासवर्ड बरोबर आहे, मीच ठेवलाय.
तीनदा टाकला, एकेक अक्षर पुटपुटत.
चुकीचं, म्हणतो,
आणि पुन्हा नाव विचारतो.

मे महिना. कूलरमधलं पाणी संपलंय,
नुसता पंखा गरम वारा फेकतोय.
उकंडराव बादली घेऊन येतात.
"सुरू होऊन राह्यलं का नाही, मॅडम?
सकाळी उमरेडले शिबिर आहे ना."

दुपारी डिस्क गेली होती.
नितेशने पेन ड्राइव्हवरून मशीन उठवलं,
बॅकअपमधली फाइल आणून जागेवर ठेवली.
अक्षर न् अक्षर तेच, मालक तोच.
लेबल तेवढं वाटेत गळून पडलं.
आता दारावरच्या प्रोग्रामला ती उघडायची मनाई;
तो तरी माझा पासवर्ड पडताळणार कशाशी?

फाइलचं नाव शॅडो.
सावली.
शिक्का नसलेल्या सावलीला इथे कुणी शिवत नाही.
हसू येतं मला, एकटीलाच.

धरमपेठेत खोली बघायला गेले होते.
अनामत रोख, नोकरीचं पत्र, चपला बाहेर.
काकूंनी वाळ्याचं पाणी दिलं, पूर्वेची खिडकी दाखवली,
मग म्हणाल्या, पूर्ण नाव?
गजभिये.
अगं, कालच दिली की एकांना.
'भाड्याने देणे' ची पाटी दिवाळीपर्यंत होती तिथे.

मशीन पुन्हा चालू करते. ई दाबते.
लिनक्सच्या लांबलचक ओळीच्या टोकाशी जाऊन लिहिते:
एन्फोर्सिंग बरोबर शून्य.
एवढ्या एका खेपेपुरतं.
याने पहारेकरी झोपत नाही,
फक्त हात आडवा घालत नाही.
जाऊ देतो, आणि लिहून ठेवतो.

आत आल्या आल्या सांगतो, तीन प्रयत्न फसले होते.
लॉग उघडते.
एक वाजून सत्तावीस मिनिटं.
मनाई: वाचणे.
कोणी मागितलं: लॉगिन.
कशावर: शॅडो.
लेबल: नाही.
इतकं स्वच्छ. दोनदा वाचते.

"बंदच करून टाक ना ताई कायमचं," नितेश फोनवर,
"डोक्याले ताप."
नाही रे. चार हजार माणसांचं रक्त आहे इथे,
कुणाला काय झालंय तेही.
पहारा राहू दे.

मुळाशी एक रिकामी फाइल ठेवते, टिंबाने सुरू होणारी.
रीबूट.
आता मशीन एकेका फाइलपाशी थांबतं,
नियम बघतं, लेबल लावतं. अकरा टक्के. बारा.
बारावरच बराच वेळ.

चारला दार उघडलं. पहारा जागेवर.
खाली उकंडराव बर्फाच्या पेट्या गाडीत चढवत होते.
मी ड्यूटीच्या रजिस्टरमध्ये काय दुरुस्त केलं ते लिहिलं,
आणि त्याच्याखाली, त्याच शाईने:

मनाई: राहणे.
कोणी मागितलं: मी.
कशावर: मागची खोली, पूर्वेची खिडकी.
लेबल: गजभिये.

वेळ आठवेना. तेवढी जागा सोडली.