फक्त

ट्रेझरीच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्यांचं कुलूप आहे.
एक मगदूम साहेबांकडं, एक माझ्याकडं.
एकट्या कुणाला ते उघडत नाही.
अकरा वर्षं रोज सकाळी आम्ही
खांद्याला खांदा लागू न देता शेजारी उभं राहिलो,
दोन भोकांत दोन किल्ल्या फिरवल्या,
आणि एकमेकांच्या घरी चहाला एकदाही गेलो नाही.

त्यांची किल्ली करदोड्याला.
पंचगंगेत बुडी मारतानाही तिथंच,
कमरेवर उजवीकडं तिचा काळसर वळ उठलाय
असं त्यांच्या मंडळींनी सांगितलं,
महाद्वार रोडला बांगड्या भरताना,
सवतीबद्दल सांगावं तसं.

शिरोळच्या उपकोषागारात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले.
पानाच्या तळाशी बेरीज, 'पुढे नेली',
पुढच्या पानाच्या माथ्यावर 'मागून आणली',
असं करत गडहिंग्लज, चंदगड,
मधे तीन वर्षं रत्नागिरी (आंबा खाल्ला नाही म्हणे, कुणी दिला तर पावती कशाची फाडायची),
आणि मग कोल्हापूर.
पुरात छातीभर पाण्यातून
स्टँपपेपरचे गठ्ठे डोक्यावर घेऊन माडीवर नेले.
घरची ज्वारी खालीच राहिली. तिला मोड आले.

मी नवीन होते. चलनावर रक्कम लिहून थांबले.
"अत्तारबाई, अक्षरी लिहिलं की लगोलग 'फक्त' लिहायचं.
जागा सोडायची न्हाई.
मोकळ्या जागेत माणूस घुसतो."
कोट्यवधी त्यांच्या सहीखालून गेले,
प्रत्येकाच्या शेपटाला हा शब्द,
दाराला कडी लावावी तसा.

एकतीस मार्चची रात्र.
जिन्यावर ठेकेदार, जिन्याखाली ठेकेदारांच्या गाड्या,
कुणीतरी गुळाची ढेप आणून ठेवलेली, कुणी ते माहीत नाही.
वरून फोन आला.
साहेब उठून उभे राहिले, तीनदा "होय सर" म्हणाले,
बसले,
आणि हिरव्या शाईनं लिहिलं: मोजमाप पुस्तिका जोडलेली नाही, आक्षेपासह परत.
गार्डानं बाराचे टोल दिले.
सकाळी ढेपेला मुंगळे.

वर्षातून एकदा आतलं सगळं मोजायचो.
कोर्टाकडून आलेलं एक मोहोरबंद पुडकं होतं,
'चांदीचा कमरपट्टा, एक, तुटका,
मालकीण मयत, वारस येणे बाकी.'
दरवर्षी ते हातात घेऊन साहेब जरा जास्त वेळ थांबायचे.
मी वाचायची, एक.
ते म्हणायचे, एक.
पुढं.

निवृत्तीला शाल, नारळ, भाषणं.
कार्यभाराच्या कागदावर: 'किल्ली, एक, चालू स्थितीत.'
भिंतीकडं तोंड करून शर्ट वर केला,
गाठ सुटेना.
शेवटी लाखेच्या ब्लेडनं दोरा कापला शिपायानं.
गेटापर्यंत चालत गेले ते
उजवा हात कमरेवर ठेवून,
काही सांडेल की काय असे.

नव्या बाई चांगल्या आहेत. त्यांची किल्ली पर्समध्ये असते.

नोव्हेंबरात पेन्शनरांची रांग अंगणातल्या चिंचेपर्यंत.
सत्तेचाळीसावे, मगदूम.
शिपाई पुढं बोलवत होता, आले नाहीत.
स्वेटर नवा, दाढी एक दिवसाची.
फॉर्म सरकवला, सगळे रकाने भरलेले,
माझा तेवढा कोरा.
नियमानं तोंड बघून लिहायचं असतं.
बघितलं.
"बरं हाय न्हवं?" मी विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.
"तुमी लिवा तसं," म्हणाले.

लिहिलं: वृषभ जिनाप्पा मगदूम
आज रोजी माझ्यासमोर हजर झाले, हयात आहेत

हात सवयीनं पुढच्या शब्दाकडं निघालेला.
त्यांनीही बघितलं पेन कुठं थांबलं ते.
ओळ अर्धी मोकळी होती.
मी शिक्का मारला, जरा खाली.